दातांच्या कण्या

हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याकडे एकदाच पाहिलं, मग खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले, "मास्तर, तोंड उघडा."

"कशाला?"

"बघायचंय."

"गुडघा खाली आहे, डॉक्टर."

शेजारी बसलेल्या लेकीनं डोळे मिटून घेतले. ऑपरेशन येत्या सोमवारी होतं, आणि या सोमवारपर्यंत पोचायला तिला दोन वर्षं लागली होती. मास्तर शिंपी होते. जन्मभर पायानं मशीन चालवून उजवा गुडघा असा झिजला होता की ते उठले की समोरच्या गिऱ्हाइकालाही त्याचा आवाज ऐकू यायचा. तरी दर वेळी काहीतरी आडवं यायचंच. आधी म्हणाले, शाळेचे गणवेश हातात आहेत. मग म्हणाले, उन्हाळा जाऊ दे. उन्हाळा गेल्यावर म्हणाले, थंडीत हाडं आखडतात, आत्ता कशाला छेडायची. लेकीनं दातांच्या कण्या केल्या तेव्हा कुठं गडी हो म्हणाला होता.

"बाबा, उघडा तोंड," ती म्हणाली.

मास्तरांनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून आत पाहिलं आणि मागं टेकून पेनाला टोपण लावलं.

"आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी ठीक आहे म्हटलं की मग तारीख ठरवू."

"पण तारीख ठरलीय. सोमवार," लेक म्हणाली.

"ठरली होती."

"साहेब," मास्तर म्हणाले, "पँटची उंची कमी करायला आलेल्या माणसाचं मी कधी डोकं मापलं नाही."

डॉक्टर हसले नाहीत. "मागच्या बाजूला हिरडी सुजलीय. आत पू असला तर मी नवा गुडघा बसवणार नाही. बसवला आणि तोंडातले जंतू रक्तातून तिथं जाऊन बसले, तर सगळं परत उघडून काढावं लागतं. मला ते नको, तुम्हालाही नको."

बाहेर येऊन दोघं गाडीत बसली तेव्हा लेकीचं डोकं ठणकायला लागलं होतं.

लेकीला सगळे ठकी म्हणत. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी गप्प बसायची म्हणून पडलेलं नाव. ती गप्प बसणारी मुलगी पुढं कुठं गेली कोणास ठाऊक. आता ती बेचाळीस वर्षांची होती आणि लोकांना गाडी चालवायला शिकवत होती. लग्न केलं नव्हतं. का नाही असं कोणी विचारलं तर म्हणायची, "दिवसभर लोकांच्या हातात स्टिअरिंग देते, घरी तरी माझ्या हातात राहू दे." आई गेल्यापासून घरी ती आणि बाबा, दोघंच. स्टिअरिंग कोणाच्या हातात होतं ते उघडच होतं.

शिकवणीच्या गाडीला दोन्ही बाजूंना ब्रेक असतो. मास्तर नेहमी बाजूच्या सीटवर, म्हणजे एरवी ठकी बसायची त्या जागी बसत.

"दुसरा डॉक्टर बघू," ते म्हणाले.

"का?"

"याचं लक्ष नाही कामात."

"बाबा, मी पंधरा दिवसांचे सगळे धडे पुढं ढकललेत. दोघांची परीक्षा आहे, त्यांना दुसरीकडे पाठवलं. दवाखान्यातली खोली मिळवली. तुम्ही मला एकदाच सांगा, तुमचा दात दुखत होता का?"

"नाही."

"हिरडी?"

"नाही म्हटलं ना!" असं म्हणून मास्तरांनी चांगल्या, डाव्या पायानं ब्रेक दाबला. गाडी चौकाच्या मधोमध उभी राहिली. चारी बाजूंनी भोंगे वाजायला लागले. ठकीनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

घरी पोचल्यावर दादाचा फोन आला. हा तिचा थोरला भाऊ, दुसऱ्या शहरात मोठ्या नोकरीवर. सगळं ऐकून तो म्हणाला, "तू जरा शांतपणे समजावून सांग ना त्यांना."

"तू ये आणि शांतपणे सांग."

"अगं, माझं इथं ऑफिस—"

ठकीनं फोन ठेवला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना वह्या-पेनांच्या दुकानावर होता. दार उघडून आत गेल्यावर ठकी उंबऱ्यातच थबकली. डॉक्टरीणबाई तिची जुनी शिकाऊ निघाली. गियर टाकताना डोळे मिटून घेणारी. ठकीच्या सगळ्या कारकिर्दीत एवढी घाबरट बाई गाडीत बसली नव्हती; परीक्षेत तीनदा नापास झाली होती, आणि तिसऱ्यांदा तर परीक्षकच गाडीतून उतरून चालत गेला होता.

"मॅडम! तुम्ही!" डॉक्टरीणबाईंना मनापासून आनंद झाला.

"हे माझे बाबा," ठकी म्हणाली, आणि मनात म्हणाली, हिच्या हातात यांचा जबडा.

पण हातात आरसा आणि सळई आल्यावर ती बाई वेगळीच झाली. हात जराही हलत नव्हता. डोळे टक्क उघडे. पुढच्या दातावर ती थांबली.

"मास्तर, दोरा दातानं तोडता?"

"कात्री सापडेपर्यंत कोण थांबतंय."

तिनं आरशात दाखवलं. वरच्या पुढच्या दाताला अगदी बारीक खाच पडली होती, दोरा बसेल एवढीच. मास्तर खूश झाले. इतक्या वर्षांत ती त्यांनी कधी पाहिली नव्हती. मग सळई मागं सरकली.

"हे दुखतं?"

"नाही."

"हे?"

"मुळीच नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून कानाकडे पाण्याचा ओघळ गेला.

"डाव्या बाजूनं चावणं कधीपासून सोडलंत?"

मास्तर छताकडे बघायला लागले.

"बाबा?"

"सवय आहे मला उजव्या बाजूची."

"कधीपासून?"

"तुझी आई होती तेव्हापासून."

आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. ठकी त्यांच्यासमोर बसून रोज जेवत होती. आता तिला आठवलं, घास घेतल्यावर ते मान किंचित उजवीकडे कलती करायचे. तिला वाटायचं, रेडिओ ऐकतात.

डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून भिंतीवरच्या दिव्यावर लावला. डाव्या बाजूच्या शेवटच्या दोन दाढांच्या मुळांशी काळे डाग दिसत होते. "इथं पू आहे. हळूहळू झिरपून बाहेर येतोय म्हणून ठणका नाही. शिवाय सगळ्याच हिरड्या सुजल्यात. ब्रश करताना रक्त येतं ना?"

"थोडं. ते सगळ्यांनाच येतं."

"नाही येत, मास्तर. आणि जिथून रक्त बाहेर येतं तिथून घाण आतही जाते. तोंड काय वेगळ्या गावाला आहे का? इथलंच रक्त गुडघ्यात जातं, तेच हृदयात जातं. प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही. पण नवा सांधा घालायचा असला की हा धोका कोणी घेत नाही." मग तिनं ठकीकडे पाहिलं. "यांची साखर कशी आहे?"

"गोळ्या वाढवल्या तरी उतरत नाही. चोरून खातात."

"मी चोरून खात नाही!"

"हिरड्या अशा असल्या तर साखर आटोक्यात यायला अवघड जातं," डॉक्टरीणबाई म्हणाली, "आणि साखर चढली की हिरड्या आणखी बिघडतात. त्या दोघींचं फार गूळपीठ असतं. दुपारी अंग मोडून येतं का? कसकस? थकवा?"

"ते वयामुळं," मास्तर म्हणाले. मग एकदम लेकीकडे वळले. "ऐकलंस का? साखर हिरड्यांमुळं चढते. दोन वर्षं मला चोर म्हणत होतीस."

सगळ्या बोलण्यातलं एवढंच त्यांनी नेमकं उचललं.

"या दोन दाढा काढायला लागतील," डॉक्टरीणबाई म्हणाली. "बाकी हिरड्या साफ करू, तीन-चार वेळा यावं लागेल. मग मी हाडांच्या डॉक्टरांना कळवते."

मास्तर खुर्चीतून उठले. उठताना गुडघा कडाडला. "माझी बत्तीशी शाबूत आहे. या वयात सगळ्या बाजारात दुसऱ्या कोणाची असेल तर दाखवा. गुडघा बदलायचा होता तो बदलला नाही, आणि धडधाकट दात काढून घेतायत!" गळ्यात बांधलेलं कागदी फडकं तसंच ठेवून ते जिना उतरले. ठकी मागं मागं. रस्त्यावर लोक बघत होते.

पुढचा आठवडाभर घरात त्या विषयावर बोलणं नव्हतं. बोललं की भांडण, न बोललं की आदळआपट. ठकीला दर सकाळी उठताना कानशिलात ठणका असायचा. तो तिला चार वर्षांपासून होता. दोनदा चष्मा बदलला होता, कॉफी सोडली होती, एकदा तर डोक्याचा मोठा फोटोही काढून झाला होता. कशात काही नाही. डॉक्टर म्हणाले होते, ताण कमी करा. ठकीनं विचारलं होतं, मग बाबांना कुठं ठेवू?

एके दिवशी ती एका बँकेतल्या बाईंना शिकवत होती. बाई स्टिअरिंगवर, ठकी बाजूला. गाडी मोठ्या दवाखान्यावरून जात असताना फाटकातून दोन म्हातारे बाहेर पडताना दिसले. एक लंगडत होता, दुसऱ्यानं त्याचा दंड धरला होता. ठकीनं आपल्या बाजूचा ब्रेक कचकन दाबला.

"काय चुकलं मॅडम माझं?" बाई घाबरल्या.

"तुमचं नाही. ते दोघं माझे आहेत."

लंगडणारे मास्तर. दंड धरणारे इस्त्रीकाका, म्हणजे दुकानाशेजारचे इस्त्रीवाले, मास्तरांचे जन्माचे दोस्त. तोंडात एकही दात नाही. कवळी होती, ती शर्टाच्या खिशात असायची. फोटो काढायचा असला की तेवढ्यापुरती तोंडात घालत. मास्तर सकाळी बटणं आणायला जातो म्हणून निघाले होते.

दोघे मागच्या सीटवर बसले. गाडी निघाली.

"बटणं मिळाली?" ठकीनं मागं न बघता विचारलं.

"नाही. रंग जुळला नाही," मास्तर म्हणाले.

"इथं हाडांचा नवा डॉक्टर आलाय असं ऐकलं होतं, म्हणून म्हटलं जाता जाता..." इस्त्रीकाका बोलून बसले.

"अरे, गप्प बस ना तू!"

"काय म्हणाला नवा डॉक्टर?" ठकीनं विचारलं.

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी इस्त्रीकाकांना राहवलं नाही. "पोरी, काय सांगू. यानं गुडघा दाखवायला पँट वर केली, तर तो म्हणतो, आधी तोंड उघडा."

पुढच्या सीटवरच्या बँकेतल्या बाईंच्या खांद्याला हिसका बसला. त्या हसू दाबत होत्या. ठकीला हसू येत नव्हतं. "मी माझी कामं टाकून फिरते. तुमच्यासाठी डॉक्टरांच्या दारात ताटकळते. आणि तुम्ही पाठीमागून लपूनछपून? काय वय आहे का हे?"

"लपून काय, उघड गेलो होतो. फाटकातून."

"मला न सांगता!"

"तुला सांगितलं की तू ओरडतेस!"

"मी ओरडत नाही!" ठकी ओरडली.

इस्त्रीकाका म्हणाले, "मला विचारशील तर सगळेच दात काढून टाक. मी बघ, निवांत. ना दुखणं ना खुपणं."

"तू रोज दुधात बुडवून खातोस आणि चालताना भिंत धरतोस," मास्तर म्हणाले. "वर्षभरात अर्धा राहिलायस. तुझी इस्त्री तुझ्यापेक्षा जड आहे."

या सगळ्या भांडणात बँकेतल्या बाईंनी पहिल्यांदाच गाडी एकदाही बंद न पाडता घरापर्यंत आणली.

त्या संध्याकाळी ठकी रागारागात दुकान झाडायला गेली. अस्तरांच्या गठ्ठ्यामागं तिला क्रीमच्या बिस्किटांचे पुडे सापडले. फोडलेले, नीट दुमडून टाचणी लावून ठेवलेले.

"हे काय आहे?"

"गिऱ्हाइकांसाठी आणलेत."

"गिऱ्हाईक अस्तरात शिरून खातं?"

मास्तर मशीनवरची धूळ पुसत राहिले. "हिरड्यांमुळंही चढते ना साखर. डॉक्टरीणबाई म्हणाली."

ठकीनं पुडे केराच्या सुपलीत टाकले. जबडा असा आवळला होता की तोंडच उघडेना.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच दवाखान्यात गेली. "डॉक्टर, तुम्हीच त्यांना समजावा," ती म्हणाली. "माझं ऐकत नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी." बोलताना ती दोन्ही हातांनी कानशिलं चोळत होती.

डॉक्टरीणबाई ऐकत होती, पण तिचं लक्ष ठकीच्या गालांकडे होतं. "मॅडम, रोज दुखतात का कानशिलं?"

"ते जाऊ द्या. बाबांचं—"

"सकाळी उठल्यावर जास्त?"

"हो, पण मी माझ्यासाठी आले नाहीये."

"बसा हो खुर्चीत. पाच मिनिटं."

ठकी बसली, कारण वाद घालायला त्राण नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दोन बोटांनी तिच्या जबड्याचा सांधा दाबला. ठकी जागच्या जागी उडाली. इतकी वर्षं डोक्यात शोधलेलं दुखणं कानापुढच्या त्या एका जागेवर निघालं.

"तुम्ही झोपेत दात खाता. आणि जागेपणीही. दाढांचे उंचवटे गेलेत, बघा. सपाट झाल्यात." तिनं आरसा धरला. "आपण म्हणतो ना, दातांच्या कण्या केल्या. तुमच्या खरोखरच होतायत. हे स्नायू रात्रभर राबतात आणि सकाळी डोकं धरतं. सगळं डोकं यानंच दुखतं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण बराचसा भाग यातला असावा."

"हे कधीपासून असेल?"

डॉक्टरीणबाई जरा लाजली. "मी गाडी शिकत होते तेव्हाही तुम्ही माझ्याकडे बघून असंच करायचात. गालाचा स्नायू टकटक उडायचा. मला वाटायचं, गाडी ठोकली तरी चालेल, या बाईंचा जबडा वाचू दे."

ठकीच्या दातांचं माप घेतलं गेलं. रात्री दातांवर चढवायचं एक पारदर्शक कवच तिला मिळालं. बाबांचं काम बाजूलाच राहिलं. ती आणखी वैतागून घरी आली.

कवच लपवून ठेवायचं तिनं ठरवलं होतं. पण न्हाणीघर एकच, आणि बेसिनपाशी डबी विसरली. मास्तर डबी हातात घेऊनच स्वयंपाकघरात आले.

"ही कोणाची कवळी?"

"कवळी नाही ती. माझी आहे. ठेवा तिथं."

"तुझी? तुला काय झालंय?"

सांगावं लागलं. ऐकता ऐकता मास्तरांचा चेहरा फुलत गेला. इतक्या दिवसांत त्यांना असा विजय मिळाला नव्हता.

"म्हणजे चार वर्षं तू माझ्यामुळं डोकं दुखतं म्हणत होतीस, आणि ते दातांमुळं?"

"दात तुमच्यामुळं खाते."

"ते सोड. डोक्याचे फोटो काढले, चष्मे बदलले, आणि दुखणं होतं जबड्यात! अगं, एवढं साधं कळलं नाही तुला? जबडा कुठं आणि डोकं कुठं, पण असतं ना सगळं एकाला एक जोडलेलं. एका शिवणीला ताण पडला की दुसरीकडे कापड ओढलं जातं. तोंडातलं बिघडलं की त्याचा त्रास कुठंही..."

ते थांबले.

ठकी ओट्याला टेकून उभी होती. फार दिवसांनी तिनं बोलण्याची घाई केली नाही.

मास्तरांनी डबी टेबलावर ठेवली. खुर्ची ओढून बसले. बराच वेळ झाकणाशी चाळा करत राहिले.

"काढल्यावर फार दुखतं का?" त्यांनी विचारलं.

"बधिर करतात, बाबा."

"तुझ्या आईची दाढ काढली तेव्हा बधिर झालंच नव्हतं. मी बाहेर बसलो होतो. ऐकू येत होतं." मग म्हणाले, "तिच्यासमोर मी बत्तीशी मिरवायचो, आणि दुखतंय म्हणायची सोय राहिली नाही."

एवढी साधी गोष्ट सांगायला या माणसानं इतकी वर्षं घेतली. ठकीला त्यांची दया आली, आणि त्याच क्षणी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

दाढा निघाल्या. मास्तरांनी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले की सुटल्यावर बोटं सरळ होईनात. पण आवाज केला नाही. नंतर दोन-अडीच महिने हिरड्या साफ करायला खेपा झाल्या. दर खेपेला जाताना कुरकुर, येताना कुरकुर. डॉक्टरीणबाईंनी दातांच्या फटींत घालायचे चिमुकले ब्रश दिले, तेव्हा मास्तर म्हणाले, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आणि तुम्ही तेच करायला लावताय."

पण हळूहळू घरात काहीतरी बदललं. मास्तर दुपारी आडवे व्हायचे ते होईनासे झाले. संध्याकाळची कसकस गेली. एक दिवस जेवताना ठकीनं पाहिलं, त्यांची मान सरळ होती. साखरेची तपासणी झाली. बरीच खाली आली होती. त्यात हिरड्यांचा वाटा किती आणि अस्तरामागची बिस्किटं गेली त्याचा किती, ते सांगायला कोणी नव्हतं. मास्तर सगळं श्रेय हिरड्यांना देत.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हिरवा कंदील दाखवला. ठकीनं हाडांच्या डॉक्टरांकडून नवी तारीख आणली. मास्तर मशीनवर बसले होते.

"ठके," ते म्हणाले, "मी काय म्हणतो. आता इतकं बरं वाटतंय, तर ऑपरेशन कशाला?"

ठकीनं तोंड उघडलं. जबडा आवळला जातोय हे तिच्या लक्षात आलं. तिनं डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणं जीभ टाळूला लावली, दात एकमेकांपासून सुटे केले, आणि दुकानातून बाहेर निघून गेली. गाडीत बसून काचा वर केल्या. मग जे काही म्हणायचं होतं ते मोठ्यानं म्हणून घेतलं. समोर इस्त्रीकाका इस्त्री हातात धरून बघत राहिले.

तिनं तारीख रद्द केली नाही, आणि बाबांपाशी विषयही काढला नाही. दादाला मात्र फोन केला. "तू काही समजावू नकोस. फक्त यायची तयारी ठेव," ती म्हणाली, आणि त्यानं ऑफिसचं नाव काढायच्या आत फोन ठेवून दिला.

अंगात जोर आला होता म्हणून मास्तरांनी कामं वाढवली. बंद केलेले कोट परत शिवायला घेतले. सकाळपासून मशीनवर. आठवडा गेला, आणि एका सकाळी ते जिन्यावरच बसलेले सापडले. वरही जाता येईना, खालीही येता येईना.

"काय झालं?"

"आधी सगळंच अंग दुखत होतं," मास्तर कठड्याला धरून म्हणाले. "त्या गर्दीत गुडघा लपून गेला होता. आता हा एकटाच ओरडतोय. तारीख कधीची म्हणालीस?"

ऑपरेशन झालं. दादा आला, एक दिवस राहिला, दवाखान्यात सगळ्यांशी फार शांतपणे बोलला आणि गेला. मास्तरांना तिसऱ्या दिवशी उभं केलं तेव्हा वेदनेनं त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी ठकीचा हात धरला आणि पहिलं पाऊल टाकलं. मग दुसरं. ठकी सांगत होती, खाली बघू नका, पुढं बघा, आणि मास्तर म्हणाले, "मी काय तुझा शिकाऊ आहे?" जखम भरत आली. ताप नाही, सूज उतरती. हाडांचे डॉक्टर रोज येऊन नुसते गुडघ्याकडे बघत आणि मान हलवत.

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सकाळची वेळ. ठकीचा पहिला धडा आठचा. ती तयार होऊन न्हाणीघराच्या दारात उभी होती. दार आतून बंद. आत मास्तर, काठी आणि ते चिमुकले ब्रश.

"बाबा, झालं का?"

आतून पाण्याचा आवाज आला.

"बाबा, मला उशीर होतोय. खाली लोक आलेत."

"हंहंहं," आतून उत्तर आलं.

"काय?"

"उजवी बाजू राहिलीय," मास्तर चूळ भरून म्हणाले, आणि पुन्हा सुरू झाले.

खाली गाडीचा भोंगा वाजला. बँकेतल्या बाई आता वेळेआधी येऊन बसायला लागल्या होत्या. ठकीनं दारावर थाप मारायला हात उचलला, खाली घेतला. आज कानशिलं दुखत नव्हती. गेले काही दिवस दुखतच नव्हती, आणि हे आत्ता तिच्या लक्षात आलं.

"दोन मिनिटं, बाबा. मग मी दार तोडणार."

"तोड," आतून मास्तर म्हणाले. "घर तुझंच आहे."

ठकी जिन्याच्या पायरीवर बसली आणि वाट बघत राहिली.